बाराव्या बाटलीबद्दल

लोमा सेका, न्यू मेक्सिको
मंगळवार, सकाळी

तीर्थस्वरूप प्रिमितिवाताईंना युफेमियाचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात उजवा दुखतो असे लिहिले होते, फोनवर डावा म्हणालात. एकदा काय ते ठरवून कळवा, म्हणजे त्याप्रमाणे काळजी करता येईल. आल्बुकर्कीत थंडी सुरू झाली असेल. इकडे वारा आहे, धूळ आहे, माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि तुमचा धाकटा भाऊ सेलेस्तिनो हा एक नंबरचा कृतघ्न माणूस आहे.

तुम्हाला त्याने फोनवर काय सांगितले असेल ते मला पाठ आहे. एकाहत्तराव्या वर्षी फुग्याला टांगलेल्या पाळण्यातून एक्केचाळीस हजार फुटांवर गेलो, तिथून उडी मारली, सत्तरी उलटलेल्यांत राज्याचा विक्रम केला. सगळे खरे. पण राखीव छत्रीबद्दल बोलला का? बोलणारच नाही. ताई, उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात. मुख्य छत्रीची घडी ज्याची तो घालतो. राखीव मात्र परवाना असलेल्यानेच बांधायची आणि तिच्यावर आपल्या खुणेची शिशाची मोहोर मारायची. आमच्या मैदानावर गेली सव्वीस वर्षे ती मोहोर माझी आहे. राखीव छत्रीने जीव वाचला, तर वाचलेल्याने ती बांधणाऱ्याला एक बाटली आणून द्यायची, अशी या धंद्यातली रीत. माझ्या शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर अकरा बाटल्या आहेत. (मी थेंबही घेत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, एकाही बाटलीचे बूच काढलेले नाही.) प्रत्येकीवर नाव आणि तारीख आहे. रोज सकाळी मी त्यांच्यावरची धूळ पुसते, म्हणजे अकरा माणसे आपापल्या घरी सुखाने जेवताहेत असे वाटते. बाराव्या बाटलीची जागा दीड महिना रिकामी आहे.

आता झाले काय ते ऐका. एवढ्या उंचीवर जायचे तर पोटात वायू धरेल असे काही खायचे नाही, कारण वर तो फुगतो आणि माणूस कळवळतो. डॉक्टरांनी त्याला तीन दिवस घेवडा बंद केला होता. (आपल्याकडे माणसाला घेवडा बंद करणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.) उडीच्या दिवशी पहाटे मी मैदानावर पोचते, तर हा गाडीत बसून घेवड्याचा दुसरा वाडगा चाटतोय, वर हिरव्या मिरचीचा रस्सा ओतून! मी तोंडाचा पट्टा सोडला. त्यावर हा म्हणतो, "फेमी, उपाशीपोटी मरायचं असेल तर तू मर. मी आपला जेवून मरतो." भांडण पाऊण तास चालले. (त्या वेळी माझ्या हातात कोणते काम होते, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.)

मग उड्डाणापूर्वीचे दोन तास त्याला मुखवट्यातून प्राणवायू घ्यायचा होता, म्हणजे बोलणे बंद. मैदानावर इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. फुगा वर गेला. तीस हजार फुटांपासून रेडिओवर नुसते कण्हणे ऐकू येऊ लागले. डॉक्टर पांढरे पडले; मला निदान ठाऊक होते. खरे तर पंचेचाळीस हजारांवर जायचे ठरले होते. एक्केचाळीसवर उडी मारली ती घेवड्याने, विक्रमाची वही काहीही म्हणो.

तीन मिनिटे तो धोंड्यासारखा खाली येत होता. मुख्य छत्री उघडली ती अर्धीच. दोऱ्यांना पीळ पडलेला, एक बाजू मिटलेली. (ते कशामुळे झाले याचा काथ्याकूट करून आता काय उपयोग?) मी दुर्बिणीतून पाहत होते. मग त्याने ती छत्री तोडून सोडून दिली आणि माझी राखीव उघडली, पांढरीशुभ्र, एक दोरी इकडची तिकडे नाही. उतरला कुठे, तर साल्सिदोच्या गुरांच्या हौदात. साल्सिदोचा बैल तिथे पाणी पीत होता. त्याने विक्रमवीराला तासभर बाहेर पाऊल टाकू दिले नाही. गावात एक तरी जीव शहाणा आहे म्हणायचा.

शेवटी बैलाला हुसकले, तर पेपरवाल्या बाईने पहिला प्रश्न विचारला तो हाच: फसलेल्या छत्रीची घडी कोणी घातली होती? मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. हा निथळत्या कपड्यांनी, मान वर करून म्हणाला, "फसली कुठं? मलाच दुसरी उघडायची हौस आली."

हौस! तसे छापूनही आले. म्हणजे हौसेने उघडली, म्हणजे जीव वाचला नाही, म्हणजे बाटली नाही. दुकानात, चर्चच्या पायरीवर, सगळे मला विचारतात, बारावी आली का? मी त्याला गाठून जाब विचारला, तर म्हणाला, "बाटली आणली की लोक पुढचं विचारतील, फेमी. जाऊ दे ना." आणि टोपी चढवून चालता झाला. मैदानाच्या कमिटीने तर त्याला यापुढे उडीच बंद केली आहे, म्हातारा आकाशात भलत्या हौसा करतो म्हणून. चाळीस वर्षे उड्या मारणारा माणूस आता कुंपणाबाहेर गाडी लावून वर बघत बसतो. बसू दे. तुम्ही त्याला लहानाचा मोठा केलात, तुमचे तो ऐकतो. त्याचा कान धरा आणि रीत पाळायला सांगा.

तुमची,
युफेमिया लुसेरो

ता. क. हे पत्र कोणाला दाखवू नका.

ता. क. २. तुम्ही विचारणारच, म्हणून लिहिते. त्या पहाटे गारठ्याने त्याची बोटे वळत नव्हती. "एवढी एक घडी घालून दे, कोणाला सांगू नकोस," म्हणाला. मी घातली, घेवड्यावरून भांडत भांडत. तो पीळ माझ्या हातचा आहे.

ता. क. ३. तो खोटे का बोलला हे मला हौदापाशीच कळले होते. माझा राग त्याचाच आहे. माझ्या मोहोरेची अब्रू राहावी म्हणून याने आपले आकाश देऊन टाकले, आणि मला एका शब्दाने विचारले नाही! शनिवारी मी कमिटीपुढे उभी राहून खरे काय ते सांगणार आहे. परवाना राहतो की जातो ते बघू.

ता. क. ४. त्याला कोणती दारू आवडते? मला यातले काही कळत नाही, आणि त्याला विचारले तर संशय येईल. नाव मोठ्या अक्षरात लिहून पाठवा, मी दुकानदाराला दाखवीन. बारावी बाटली त्याच्या घरी जायची आहे. शनिवारच्या आत कळवा. गुडघ्यांचे मागाहून कळवले तरी चालेल.