काकूंचा उखाणा आणि आमचा सिनॉप्सिस

१३ जाने., मंगळ.
प्रोजेक्टचा विषय पास! 'घरचं वायफाय किती सुरक्षित?' ग्रुप: मी, ओमकार, निकिता. कल्पना माझी, मांडणी माझी. गाईड मॅडम पहिल्यांदाच खुर्ची ओढून आमच्या टेबलाशी बसल्या. अंगावर मूठभर मांस चढलं.
अटी दोन. परवानगीशिवाय कुणाच्या वायफायला हात लावायचा नाही. आणि २३ला सिनॉप्सिस दाखवताना होकार दिलेल्या घरांच्या सह्या हव्यात. नाहीतर कँटीन टोकनचं ॲप करा म्हणाल्या. ते ॲप आधीच्या बॅचने केलंय, त्यांच्या आधीच्यांनीही केलंय. मेले तरी करणार नाही.
घरं आमच्याच बिल्डिंगमधली घ्यायची. बोरिवलीत एका जिन्याला इतके कोकणातले लोक दुसरीकडे कुठे मिळणार?

१५ जाने., गुरु.
सोसायटीचे सेक्रेटरीकाका. "आपल्याकडे हॅकिंग-बिकिंग नको. ग्रुपवर मेसेज टाकणार नाही." हॅकिंग नाही हो, उलट ते होऊ नये म्हणून... "तेच ते." दार बंद.
जिना उतरताना ओमकार म्हणतो, "यार, इथेच बसून ट्राय मारू. अर्ध्या घरांचे पासवर्ड मी असेच ओळखून दाखवतो. कोणाला कळणार पण नाही."
"मला कळेल ना."
तोंड फुगवून घरी गेला. जाऊ दे.
आईने मेथी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. "सेक्रेटरीला कशाला विचारतेस? घरं काय त्याची आहेत? रविवारी आपलं हळदीकुंकू आहे, सगळ्या येणारच आहेत. त्यांनाच विचार." एवढं सोपं होतं! माझी आई गाईड असती तर...

१८ जाने., रवि.
संक्रांतीचं हळदीकुंकू. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे काळ्या साड्या. आईने वाणाच्या वाट्या वाटण्याआधी मला उभं केलं. मी म्हटलं, पासवर्ड कुणालाच सांगायचा नाही, मलाही नाही. फक्त आम्हाला घरी येऊन प्रश्न विचारू द्याल का? सगळ्यांनी माना डोलावल्या.
मग उखाणे. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकू उठल्या. त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत जातो.
"हलव्याच्या दागिन्यांनी काळी साडी शोभते,
रमेशरावांचं नाव टाकलं की वायफाय लगेच लागते!"
हसून हसून पुरेवाट. तेवढ्यात शेजारच्या पाटीलकाकू, "अय्या, आमचंही ह्यांचंच नाव!" मग काय, सुरूच झालं. कुणाची कुलदेवी, कुणाचं गाव. इथे सगळ्यांना एकमेकांचे नवरे, देव आणि गावं पाठ. वाण हातात पडायच्या आत अर्धी बिल्डिंग उघडी पडली.
निकिता कानात, "सई, डेटा!" ओमकारला फोन केला तर तो ओरडलाच. "कोणाला बदलू देऊ नकोस! आधी सर्व्हे होऊ दे, मग सांगू."
बरोबर होतं त्याचं. पासवर्ड बदलले की आम्ही मोजणार काय? पण माझ्या कपाळाला कुंकू लावणाऱ्या बायकांची दारं सताड उघडी आहेत हे माहीत असून आठवडाभर गप्प बसू? नाही जमणार. परत हॉलमध्ये गेले आणि सांगितलं, आजपासूनच बदला, आम्ही मदतीला येतो.
सह्या सगळ्यांनी दिल्या. विषय मात्र बहुतेक माझ्याच हाताने बुडवला. तरी मान ताठ आहे.

२० जाने., मंगळ.
कालपासून नुसते जिने चढतोय. राऊटरच्या सेटिंगचं पान उघडून द्यायचं आणि पाठ फिरवायची. नवा पासवर्ड ज्याचा त्याने टाकायचा. मग रडारड सुरू. टीव्ही बंद, दारावरचा कॅमेरा बंद, पाटीलकाकूंच्या जावयाची मीटिंग मधेच तुटली. निकिता एकेक जोडून देते, न चिडता. मला हे जन्मात जमणार नाही.
आज ओमकार आला! तोंड फुगलेलंच, पण आला. सेक्रेटरीकाकूंनी आम्हाला नवऱ्यादेखत घरात बोलावलं, त्यांचा टीव्ही त्यानेच जोडला. उतरताना पुटपुटला, "बदललं सगळ्यांनी. पण कंटाळून किती जण परत नवऱ्याच्या नावावर येतील?"
मी पाठीत धपाटाच घातला. अरे, हाच प्रश्न! बदललेला पासवर्ड घरात टिकतो का? आमच्यासारखा ग्रुप आख्ख्या वर्गात नाही.

२२ जाने., गुरु.
मॅडमना नवा विषय मेल केला होता. उत्तर एका ओळीचं: 'आधीची स्थिती नोंदवण्यापूर्वीच तुम्ही ती बदललीत. उद्या बोलू.' ओमकार म्हणतो वाट लागली. निकिता सह्यांचे कागद नीट लावतेय.
संध्याकाळी बेल. सावंतांचे रमेशकाका, हातात फोन. "सई, वायफाय लागत नाही गो. नवीन पासवर्ड सांग."
"मला नाही माहीत, काका. काकूंनी टाकला तेव्हा माझी पाठ होती."
खालून काकूंचा आवाज, "ह्यांका सांगू नको गो! ह्यांका कळला तर उद्या आख्ख्या बिल्डिंगीक म्हायत होतला!"
काका पायरीवर बसले. देवीचं नाव टाकून पाहिलं. गावाचं. मुलीचं. फोन काही ऐकेना. मग जरा हळू आवाजात, "आधी माझं नाव होतं. आता कोणाचं टाकलंन असेल?"
वाईट वाटलं. खरंच. आणि त्याच वेळी ऊरही भरून आला. काय करणार!
आईने त्यांना तिथेच चहा नेऊन दिला. हे लिहितेय तेव्हाही काका पायरीवरच आहेत, आता नातवाचं नाव टाकतायत. उद्या मॅडम काय म्हणायचं ते म्हणोत, मी आधी ह्या पायरीवरचं सांगणार.
तेही लागलं नाही.