तळ्याकाठी दिलेले टिपण

२० मे १९३७, गुरुवार
संक्रांतीनंतर आज वही उघडली. अपराध माझाच, ‘सवड नव्हती’ ही सबब खोटी. उद्या शुक्रवारची सुट्टी, शनिवारची रजा मिळाली. सौ.चे भाऊ आप्पा, त्यांच्या तळ्याकाठच्या आंबराईतल्या खोपीत दोन दिवस सगळे राहायचे. कुसुम खूश. जूनमध्ये ती पुढच्या शाळेसाठी अमरावतीला, आत्याकडे. पंधरावे सरत आले.

२१ मे, शुक्रवार
तळे आटून मधोमध गेलेले. कुसुम परकर खोचून चिखलात, बगळ्यांमागे. दुपारी आप्पांचे वाशीमचे एक स्नेही ‘सहज’ आले, बरोबर पुतण्या. सौ. म्हणाली, “कुसे, पाव्हण्यायला रस वाढ गं.” गृहस्थांना ज्योतिषाचा नाद. “लेकीची जन्मवेळ सांगा बरं, गंमत म्हणून पाहू.” मी हसलो, आणि वेळ, नक्षत्र, चरण सगळे कागदावर लिहून दिले. माझा असल्यावर विश्वास नाही, म्हणूनच बहुधा.

२२ मे, शनिवार
सकाळी आप्पा कडुलिंबाची काडी चावत आले. “छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले, दाजी! पोरगं तर तुमी काल पाह्यलंच. पावसाआधी लग्नाचा बार उडवू.”
मी संतापलो.
“काहून असं करून राहिले? टिपण तर तुमीच देलं!”
सौ. चुलीपाशी. “आधी सांगितलं असतं तर आले असते का तुमी?”
नसतो आलो. महिनाभर तिला ठाऊक होते. अठरा वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून काही लपवले नाही. (अमरावतीचे तिला न विचारता ठरवले. ते लपवणे नव्हे. पण…)
कुसुमला म्हणालो, मला ठाऊक नव्हते गं.
“अक्षर तुमचंच आहे, बाबा. मामानं दाखवलं.”


२३ मे, रविवार
घरी. सौ. नेहमीसारखी बोलते, तेच सोसत नाही. कुसुमने अमरावतीसाठी भरलेली पेटी रिकामी केली, पुस्तके माझ्या टेबलावर रचली. कोणी सांगितले नव्हते.
संध्याकाळी आप्पांचा निरोप: पाहुणे वाशीमला परतले, होकार धरून चालले आहेत. निघताना मी आप्पांना स्पष्ट ‘नाही’ म्हणालो होतो का? आठवून पाहिले. “पाहू,” म्हणालो होतो. पाहू!

उद्या: वाशीमची पहिली मोटार किती वाजता सुटते, विचारणे.