आधी समोरच्याची बाजू

प्रिय सुमाआत्या,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. तू असताना तरी कुठे लिहिलं? दिल्लीत होतीस तेव्हा फोनच असायचा, आणि त्यातही निम्मा वेळ तूच बोलायचीस. पण रविवारी तुझं वर्षश्राद्ध आहे. संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये सभा आहे आणि तिथे तुझं राज्यसभेतलं भाषण पडद्यावर दाखवायचं ठरलंय. त्यातला कोणता भाग दाखवायचा, यावरून माझं आणि श्रीधरकाकांचं चांगलंच वाजलं आहे. तू असतीस तर दोघांनाही समोर बसवून निकाल लावला असतास. आता मी एकटी काय करू?

श्रीधरकाका आठवतात ना? तुझ्याच वर्गातले. आता मंडळाचे अध्यक्ष झालेत आणि माईक हाती आला की अजूनही सोडत नाहीत. परवा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मंजू, शेवटचाच भाग लाव. 'माणूस जिथे रात्री पाठ टेकतो तिथेच त्याचं पेन्शन पोचलं पाहिजे', तो. काय टाळ्या पडतात त्याला! पहिला भाग लावशील तर सगळ्यांना परत ते याद येईल. बदनामी झाली तेवढी बस झाली ना गं?"

ते वाईट बोलत नव्हते. त्यांचा जीव होता तुझ्यावर. पण मला पहिला भागही हवा आहे. का, ते त्यांना धड सांगता येईना, म्हणून तुला सांगते आहे.

खरं तर सगळ्याचं मूळ आजोबा! काशीत दुर्गाघाटावरच्या आपल्या घरी ते न्यायशास्त्र शिकवायचे आणि दुपारी माजघरात शिष्यांचे वाद चालायचे. नियम एकच. खंडन करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आपण स्वतः मांडायचा. तोही इतका पुरा की समोरच्याने मान हलवून म्हटलं पाहिजे, "बरोबर, हेच मला म्हणायचं होतं." तोपर्यंत आपल्या बाजूचा एक शब्द काढायचा नाही. शिष्यांपुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण तू तो कायदा आम्हा पोरांवरही चालवलास.

त्या थंडीतलं मलइयो आठवतं? सकाळी गल्लीत दुधाच्या केशरी फेसाचं ते मलइयो आलं, मी माझं मातीचं कुल्हड दारातल्या कट्ट्यावर ठेवलं आणि सख्खा भाऊ असून श्यामने ते अर्धं फस्त केलं. मी रडत तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, "आधी श्यामची बाजू सांग." मी म्हटलं, त्याची कसली बाजू, तो चोर आहे! पण तू हलली नाहीस. मग मी हुंदके देत सांगितलं, की तो धाकटा आहे, त्याला ताप होता, त्याला कुणी घराबाहेर सोडलं नव्हतं, आणि कुल्हड त्याच्या नाकासमोर ठेवलं होतं. श्याम तोंड पुसत म्हणाला, "हां, यही बात है." शेवटी उरलेलं अर्धंही मीच त्याला देऊन टाकलं. असला कसला गं तुझा न्याय! आज पन्नाशी उलटली तरी ते मलइयो मी विसरलेले नाही.

मग तू कॉलेजात संस्कृत शिकवायला लागलीस, सभांतून बोलायला लागलीस, आणि एक दिवस पक्षाने तुला राज्यसभेत पाठवलं. गल्लीत केवढा आनंद! रिक्षा आत येत नाही म्हणून हार घातलेली तू बॅग उचलून चालत आलीस आणि वाटेत एक सांड तुझ्या हारातली फुलं खाऊन गेला. तू म्हणालीस, "चला, विरोधी पक्षापासून सुरुवात झाली."

दिल्लीला जायच्या आधी प्रत्येक भाषण तू स्वयंपाकघरात करायचीस. तू भाजी चिरायची आणि मी मंत्री व्हायचं. मी शिक्षणमंत्री झाले, जलमंत्री झाले, एकदा तर मेथी निवडता निवडता अर्थमंत्रीही झाले. मी जरा नरम बोलले की विळी आडवी करायचीस. "मंजे, भाचीसारखी बोलू नकोस. मंत्र्यासारखी बोल. सरकारजवळ कारण असतं गं, ते शोध." रेल्वेच्या ऑफिसातली मी कारकून, पण देशाचं धोरण कसं बनतं हे मला तुझ्या त्या विळी-पाटाजवळ कळलं. कुठल्या पुस्तकाने मला ते इतकं शिकवलं नसतं.

सभागृहातही तू तेच केलंस. शाळांचं धोरण असो की नद्यांचं, उभी राहिलीस की आधी समोरच्या बाकांची बाजू मांडायचीस. सुरुवातीला तुझ्याच पक्षाचे लोक चुळबुळायचे. पण तिकडचे एक वयस्क सदस्य तुला बाहेर गाठून म्हणाले होते ना, "बहनजी, हमारी बात आप हमसे अच्छी कहती हैं." तू तो किस्सा सांगताना लहान मुलीसारखी हसायचीस. तू बोलणार म्हटलं की दोन्हीकडचे लोक चहा सोडून आत यायचे. त्या सभागृहात असं किती जणांच्या वाट्याला येतं?

आणि मग वृद्धांच्या राष्ट्रीय धोरणावरची ती चर्चा.

ती तू अन्साकाकूसाठीच मागून घेतली होतीस. संकठा घाटाजवळच्या धर्मशाळेत राहणारी, फुलवाती वळून पोट भरणारी अन्साकाकू. तिच्या मुलाने तिला कऱ्हाडकडून गाडीत बसवून काशीला पाठवलं, ती परत गेलीच नाही. गावाकडचे म्हणायचे, बाई इथे राहत नाही. इथले म्हणायचे, बाई इथली नाही. दोन्हीकडून पेन्शन बंद! आपल्या घाटांवर अशा किती म्हाताऱ्या! पेन्शन गावाला नको, माणसाला बांधा, एवढंच तुला मागायचं होतं.

पण मागायच्या आधी तू सरकारची बाजू मांडलीस. आणि कशी मांडलीस! काशीला आलेल्या म्हातारीला सरकारने का पोसावं, तिचा मुलगा जिवंत आहे, असं तू कडाडून विचारलंस. एकच माणूस दोन याद्यांत आला तर? एका शहरावर साऱ्या देशाच्या म्हाताऱ्यांचा भार का? पेन्शन इथे मिळतं म्हटल्यावर आणखी मुलं आपल्या आयांना गाडीत बसवणार नाहीत कशावरून? मंत्री उठून म्हणाले, आता मला बोलायला काही शिल्लक नाही. सभागृह हसलं. तुझी बाजू सुरू होईपर्यंत सभापतींची घंटा वाजायला लागली होती.

त्यातलं ते एक वाक्य कुणीतरी कापलं. काशीला आलेल्या म्हातारीला सरकारने का पोसावं! पुढचंमागचं काही नाही. संध्याकाळपर्यंत ते दुर्गाघाटाच्या प्रत्येक मोबाईलवर होतं. दूधवाला मला विचारायला लागला, "दीदी, बुआजी ने सच में ऐसा बोला?" संकठा मंदिरात बायकांनी तुला पाहून पाठ फिरवली. अन्साकाकूने तुझ्या देवघरासाठी वाती द्यायच्या बंद केल्या.

इथे माझी तक्रार आहे. तू खुलासा का केला नाहीस? मी भांडले, श्याम भांडला, पक्षाचे लोकही म्हणाले, दोन ओळी लिहून द्या. तू आपली शांत. "पूर्ण भाषण आहे ना तिथे? ऐकतील कधीतरी." कोण ऐकतं गं पूर्ण भाषण? पक्षाने तुला परत पाठवलं नाही. तू घरी आलीस आणि म्हणालीस, बरं झालं, दिल्लीच्या पाण्यात माझी डाळ शिजत नव्हती. पुढे धोरण सुधारलं, त्यात तू मागितलेलं आलं, अन्साकाकूचं पेन्शन इथे सुरू झालं. तुझं नाव कुठेच नव्हतं. तूही गल्लीत कुणाला सांगितलं नाहीस. जगभराचा पूर्वपक्ष मांडलास, आत्या. तुझा कुणी मांडला?

तू गेलीस त्या दिवशी अन्साकाकू गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत आली नाही. मला तिचा फार राग आला होता.

म्हणून काल तिच्याकडे जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण सभेत पहिला भाग लावायचा तर ज्यांना तो लागला त्यांना आधी विचारायला हवं, हे तुझंच शिक्षण. काकू पायरीवर उन्हात वाती वळत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तुझं नाव काढताच तिचं तोंड कडू झालं. म्हणाली, "त्ये ऐकलंय म्या. लई झालं." मी म्हटलं, काकू, तुम्ही एकच वाक्य ऐकलंय. अख्खं ऐका, मग नको म्हणा.

मी मोबाईल तिच्यासमोर धरला. ते वाक्य आलं तेव्हा तिने नजर दुसरीकडे वळवली. पण त्याच्या पुढचं, जे कुणी कधी पाठवलं नाही, ते सुरू झालं. तू मुलाची बाजू मांडत होतीस. तो राक्षस नाही, असं म्हणत होतीस. एका खोलीत त्याचा संसार आहे, बायको अंथरुणाला आहे, आणि आई रोज म्हणते, मला एकदा काशी दाखव. तिला गाडीत बसवताना त्याला वाटतं, आपण तिची इच्छा पुरी करतो आहोत. स्टेशनवरून घरी परतताना तो रडला नसेल, असं मानायला माझ्याकडे काही पुरावा नाही, असं तू म्हणालीस.

काकूचे हात थांबले. "परत लाव," म्हणाली. मी परत लावलं. मग पुन्हा एकदा.

"हिला कसं ठावं गं?" तिने विचारलं. "म्याच म्हनायची त्याला, काशी दाव, काशी दाव. कुनालाच बोलले न्हाई म्या ह्ये. समद्यांना सांगत ऱ्हायले, पोरानं टाकलं म्हनून." तिने हातातली वात पुरी वळली. मग म्हणाली, "परत न्यायला आला न्हाई, ती चूक त्याचीच. पर त्याच्या बाजूनं बोलायला बी कुनीतरी पायजेल हुतं. ताई बोलली बघ."

मी विचारलं, पुढचं ऐकायचं का, तुमच्या बाजूचं? ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. ते मला ठावं हाय."

आत्या, तू नियम म्हणून ते बोललीस की तुला खरंच कळलं होतं? मला आता कधीच कळणार नाही. पण तुझ्या त्या नियमाचा जो मला लहानपणापासून राग होता, तो काल त्या पायरीवर उतरला. मलइयोसकट उतरला. तू आम्हाला हे दिलंस, त्यासाठी तुझे किती उपकार मानू?

मग काकूने कनवटीची पिशवी उघडली आणि गावाकडच्या कुणा शेजाऱ्याचा नंबर मला लावायला सांगितला. शेजाऱ्याने तिच्या मुलाला हाक मारली. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग एक थकलेला पुरुषी आवाज "कोन?" म्हणाला. काकूने मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि एवढंच म्हणाली, "म्या हाय. जेवलास का?"

मी उठून घाटाकडे तोंड करून उभी राहिले. मला रडायला आलं आणि ते तिला दिसू द्यायचं नव्हतं.

तर रविवारचं ठरलं. तुझं भाषण पहिल्या शब्दापासून शेवटच्या घंटेपर्यंत अख्खं लागेल. पण त्याच्या आधी माईक मी घेणार आहे आणि सगळ्यांसमोर श्रीधरकाकांची बाजू मांडणार आहे. तुझी बदनामी परत होऊ नये म्हणून तो म्हातारा कसा कळवळतो, तेही सांगणार आहे. ते मान हलवून "बरोबर, हेच मला म्हणायचं होतं" म्हणेपर्यंत मी माझ्या बाजूचा एक शब्द बोलणार नाही. वचन देते.

तुझ्या फोटोपुढच्या समईत अन्साकाकूच्या वाती असतील. तिने स्वतःहून दिल्या आहेत.

तुझी,
मंजी