चौथ्या पोर्टावरचा जोतिबा

शाहूपुरी, कोल्हापूर

तीर्थस्वरूप बाळासो मामांना स्नेहलचा नमस्कार.

पोर्टाला काहीतरी लावलेलं आहे, ते वीज खातंय, पण आपण कोण हे सांगत नाही. त्याची वीज तोडायचा हक्क कुणाला? मामा, याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर? (माझ्या तब्येतीचं विचारू नका, मी संतापले आहे. फोनवर तुम्ही बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.)

कुरुंदवाडला तुमच्या दूध संस्थेत भिंतीवर आमच्या कंपनीचा जो छोट्या संगणकाचा डबा बसवलाय, त्याच्या यूएसबी पोर्टांना वजनकाटा, फॅट मशीन आणि पावतीचा प्रिंटर जोडलाय. प्रिंटर अडकला की काट्यावरचा तुमचा कृष्णात दूध मोजायचं सोडून स्टुलावर चढणार, वायर उपसणार, परत खुपसणार. हे थांबावं म्हणून मी सोय केली: संगणकाच्या गाभ्याला हात न लावता, साध्या प्रोग्रॅममधून एकेका पोर्टाची वीज बंद-चालू करायची. आमचे राजवीर सर म्हणाले, "सगळ्यांना मिळून एक बटण दे, विषय संपला." मी भांडले. प्रिंटर अडकला म्हणून वजनकाट्याने का बंद पडावं? आणि वीज तोडण्याआधी ज्याची तोडायची त्याला विचारलं पाहिजे, हे माझं तत्त्व आहे. म्हणून लाईट जाऊन डबा बॅटरीवर आला की माझा प्रोग्रॅम प्रत्येक पोर्टाला विचारतो, कोण आहे? उत्तर आलं नाही तर पोर्ट रिकामं समजून, बॅटरी वाचावी म्हणून, बंद करतो. इतका सभ्य प्रोग्रॅम अख्ख्या शिरोळ तालुक्यात नसेल!

आणि तुम्ही, संस्थेचे सेक्रेटरी, चौथ्या पोर्टाला जोतिबाच्या फोटोवरची दिव्यांची माळ लावलीत! (भिंतीत प्लग आहे. तिथे तुमच्या मोबाईलचा चार्जर कायम मुक्कामाला.) माळ नुसती वीज घेते, तिला बोलता येत नाही. मंगळवारी ऐन दूध घालायच्या गर्दीत लाईट गेली, प्रोग्रॅमने विचारलं, माळ गप्प, देव अंधारात. त्यावर रांगेतल्या अंबूबाई दुधाची किटली आपटून म्हणाल्या म्हणे, "शिकून आली आन् पयला देवच इजवला की पोरीनं!" आणि ज्यांनी आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून माझे पेढे गावभर वाटले, ते तुम्ही मला विचारता, "देवानं आता तुझ्या कंपूटरला हजेरी द्यायची व्हय?" वर सोमवारी डबा परत पाठवतो म्हणता! डबा परत आला की माझं काम मोडीत, आणि सगळ्या संस्थांत सरांचं एकच बटण. मग प्रिंटर अडकेल तेव्हा काटाही बंद पडेल, दूध हातात धरून रांग उभी राहील, आणि अंबूबाई काय बोलतील ते तुम्हीच ऐका.

तुमची (अजूनही तुमचीच)
स्नेहल

ता. क. बुधवारी मी तुमचा फोन उचलला नाही, तो रागाने नव्हे. पार उतरलेला मोबाईल ऑफिसातल्या डब्याला चार्जिंगला लावला होता, स्वस्तातल्या वायरीने. तिच्यातून वीज जाते, ओळख जात नाही. लाईट गेली, प्रोग्रॅमने विचारलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. (सरांना सांगू नका.)

आणखी एक ता. क. डबा परत पाठवू नका, मामा, एवढंच मागणं. गप्प ते रिकामं, हा नियम मी काढून टाकलाय. आता माणसाने स्वतःचं नाव देऊन "बंद कर" म्हटल्याशिवाय कुठलंच पोर्ट बंद होत नाही. चौथ्यापुढे मी 'जोतिबा' लिहिलंय, आणि ते माझ्या नावानेही बंद होत नाही. हा बदल काल दुपारीच इथून तुमच्या डब्यात चढवला. पुढच्या वेळी लाईट गेली की अंबूबाईंना फोटोसमोर उभं करा.