ढालीचा मोकळा चौकोन

अंबरपेठ, हैदराबाद

प्रिय दादा,

जयभीम. तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतेच आहे, पण आज कागद घेतला, कारण कोठी बाजारातला पितळकामवाला थांबायला तयार नाही. तुझ्या पहिल्या स्मृतिदिनाला तू आखलेली आपल्या घराण्याची पितळी ढाल फाटकावर लागायची आहे आणि सकाळपासून त्याचे फोन चालू आहेत. "बाजी, एक खाना खाली है. उसमें क्या डालना, शाम तक बोल दो." आता त्या रिकाम्या चौकोनाचं काय सांगू त्याला? हे तू सांगून जायला नको होतंस?

चहा केला, तो तसाच निवला. एका जागी बसवत नाही. तू काढलेलं ढालीचं चित्र वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर पसरलंय आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघते.

आठवतं, लहानपणी कोठीला पुस्तकं घ्यायला जाताना त्या नवाबाच्या जुन्या वाड्याच्या, देवडीच्या, फाटकावर ढाल होती? दोन मासे, वर मुकुट. हे काय आहे, तू विचारलंस. अण्णा म्हणाले, "त्यांच्या घराण्याचं चिन्ह." मग तू विचारलंस, "आपलं कुठलंय?" अण्णा आपल्या दोघा पोरांचे हात ओढत भराभर चालायला लागले. तू मात्र वळून वळून बघत राहिलास. तेव्हाच हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं असणार.

तारनाक्याला रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात तू जन्मभर दुसऱ्यांचे नकाशे काढलेस. रिटायर झालास आणि आपली ढाल काढायला बसलास. खाली एका चौकोनात रूळ, अण्णांच्या गँगमनच्या नोकरीचे. शेजारी उघडं पुस्तक, आपल्या शिक्षणाचं. वर उजवीकडे पिंपळाचं पान. आणि वर डावीकडे काहीच नाही.

काहीच नाही कसं म्हणू? तिथे तू आजोबांची काठी काढलीस, खोडलीस, पुन्हा काढलीस. कागद इतका पातळ झालाय की पलीकडचा उजेड दिसतो. गावकीची घुंगुरकाठी ती. ती वाजवत आजोबा दारोदार वर्दी द्यायचे आणि उरलीसुरली भाकरी मागून आणायचे. गाव सोडलं त्या दिवशी त्यांनी घुंगरं तोडून वेशीवर फेकली आणि नुसती काठी घेऊन हैदराबादला आले. पुढे आईनं तिच्यावर धुणं वाळत घातलं.

वहिनीला विचारलं तर म्हणते, "वन्सं, ती काठी नको बाई. शेजारपाजारचे विचारतील, काय सांगायचं? पल्लवीचं लग्न व्हायचंय अजून." आणि तुझी पल्लवी फोनवरची नजर न काढता म्हणाली, "लाइट घे ना आत्या. एखादं फ्लावर टाक, मस्त दिसते. कोण इतकं बघतंय?"

तिला काठीची गोष्ट माहीतच नाही, दादा. मला राग येतो तो याचा. कागद झिजेपर्यंत रबर चालवलंस, आणि पोटच्या पोरीला चार वाक्यं तुझ्याच्यानं सांगवली नाहीत? तुलाही लाज वाटत होती का?

शेवटी वैतागून ठरवलं, डावीकडची जागा तशी दुय्यमच, राहू दे रिकामी. तेच सांगायला फोन उचलला आणि तुझी शिकवणी आठवली. चित्राकडे बघताना मी डावं-उजवं चुकले की तू चिडायचास. "शके, ढाल बघणाऱ्याकडून मोजत नाहीत. धरणाऱ्याचं उजवं ते उजवं. आणि त्याच्या उजव्या हाताच्या वरच्या चौकोनाला पहिला मान." मला तेव्हा हसू यायचं. समोर बघणारे आपण, आणि उजवं म्हणे मागच्या न दिसणाऱ्या माणसाचं!

कागद उचलला आणि चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून ढालीसारखा छातीशी धरला. मोकळा चौकोन माझ्या उजव्या हाताला आला. आजोबा काठी धरायचे त्याच हाताला. म्हणजे ती राहून गेलेली जागा नव्हतीच. पहिला मान तू त्यांच्यासाठीच ठेवला होतास, तिथे काठी ठेवायचा धीर तेवढा होत नव्हता. मी भर दुपारी त्या जेवणाच्या टेबलाशी उभी राहून रडले.

मग पितळकामवाल्याला फोन केला. त्या चौकोनात काठी घाला म्हटलं. "सिर्फ लकड़ी, बाजी? ऊपर कुछ डिझाइन?" नको म्हटलं, साधी, सरळ काठी. घुंगरं आजोबांनी तोडली, ती आपण पुन्हा बांधायची नाहीत.

वहिनी रुसून आत गेली आहे. तिची समजूत पटेल की नाही, ठाऊक नाही. लोक विचारणार, हे तिचं खरंच आहे.

तर एक शब्द देते. ढाल लागेल त्या दिवशी पल्लवीला फाटकापाशी उभी करीन, पहिल्या चौकोनावर तिचं बोट ठेवीन आणि सगळं सांगेन. गावाचं नाव, वर्दी, भाकरी, घुंगरं. पुढे कुणी पोरानं फाटकाशी थांबून विचारलं, हे काय आहे, तर आपल्या घरातलं कुणी त्याचा हात ओढत भराभर चालणार नाही.

तुझी,
शकू