माळ्यावरची भाकरी

कॅम्प, ता. ३ नोव्हेंबर २०२४

ती. ताई आणि ती. आईस,
कुणालचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र शिध्याच्या ट्रकमधून बटाट्याच्या गोणीवर बसून आलं. एक कोपरा भिजलाय, पण अक्षर शाबूत हाय. इथं खोऱ्यात रेंज नावाची गोष्ट न्हाय. फोन म्हणजे टॉर्च आणि घड्याळ. रेंज पाहिजे तर वर घाटात जावं लागतं, आणि बर्फ पडलं की तो रस्ता बंद. तेव्हा आईला सांग, फोन लागत न्हाय म्हणजे पोराला काही झालं असं धरून बसू नको. पत्र येतंय म्हणजे मी हाय.

काम बोगद्याचं. रात्री आत, उजाडताना बाहेर. वरून सारखं पाणी ठिबकतं. बाहेर आलं की भिजलेलं जॅकेट हुकाला लटकवायचं, हूक पत्र्याच्या भिंतीवर टांगायचा आणि अंग टाकायचं. शेजारच्या खाटेवरचा झारखंडवाला त्या आवाजानं उठतो आणि रोज तीच शिवी देतो. त्याची ड्युटी तेव्हाच चालू होते, म्हणजे मी त्याचा फुकटचा अलार्म. लूम सोडला, मानकोलीच्या गोडाऊनमधलं स्कॅनरचं काम सोडलं, टेम्पो सोडला, आता डोंगर पोखरतोय. माझ्या पायाला भिंगरी हाय हे आईचं म्हणणं खोटं न्हाय, पण एवढ्या चढावर भिंगरी पण दमते.

आता उंदरांचं. घराच्या मागं तांदळाचं गोडाऊन झाल्यावर दुसरं काय होणार? धम्मदिनाच्या दुपट्याला भोकं पाडली म्हणतेस, उद्या माझ्या भाचीच्या कानाला पाडतील, सोनाराचं काम वाचेल. थट्टा सोड, एक मांजर आण. शेजारच्या जानकीबाईच्या गाळ्यात कापडाच्या गठाणींच्या मागं नेहमी मांजर व्यालेली असते. दूधभात खाईल आणि काम करील. पगार न्हाय, ओव्हरटाइम न्हाय, युनियन न्हाय. आई नको म्हणते असं लिहिलंस, पण का नको ते लिहिलं न्हायस. तिला सांग, मांजर कुणालसारखी असते. घरात थांबेल असं न्हाय, पण जेवायला येते.

भाचीचा पापा घे. दाजींना जयभीम. लोभ कमी करू नका, इथं थंडी लई हाय.

तुझा,
कुणाल


पूर्णा, ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. कुणाल यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझी भाची आता पालथी पडते आणि पालथी पडल्यावर परत उताणं होता येत नाही म्हणून सगळं घर डोक्यावर घेते. तुझे दाजी रविवारी वसईहून येऊन जातात. ती वरणभात खायला लागली की मी सासरी जाईन म्हणते, पण आईला एकटीला सोडायचा धीर होत नाही. का ते पुढे लिहिते.

तुझं मांजरीचं वाक्य वाचून दाखवलं. जेवायला येते हे ऐकून आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग उठून आत गेली. मांजर नकोच म्हणते. आधी म्हणाली केस बाळाच्या नाकात जातात. मग म्हणाली दूध सांडते. परवा म्हणाली मांजरीला घराचा लळा लागतो, माणसाचा लागत नाही. रोज कारण नवीन, उत्तर तेच.

खरं कारण मी डोळ्यांनी पाहिलं. तुला आठवत असेल, बाबा होते तेव्हा गोडाऊनच्या रात्रपाळीवरून आले की गठाणी ओढायचा हूक माळ्यावरच्या खिळ्याला टांगायचे. मागच्या पत्र्याला तो लागायचा, टक-टक, आणि आई मागे वळूनही न बघता चहाचं आधण ठेवायची. कुणाल, तसाच आवाज आता रोज उजाडताना येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी शिडीला हात लावला तर आईने दंड धरला आणि म्हणाली की उंदीर आहेत, चढू नकोस.

मग लक्षात आलं. चूल पेटवायच्या आधी ती एका ताटलीत भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर सुकट घेऊन माळ्याच्या कडेला ठेवते. नंतर ताटली उतरवते तेव्हा ती रिकामी असते. आपले बाबा आयुष्यभर या गोष्टींवर हसले. आजोबा गेले तेव्हा कावळ्याला पान ठेवा म्हणणाऱ्या पाहुण्याला त्यांनी स्वतः ते पान वाढून जेवायला बसवलं होतं. आई संध्याकाळी वंदना घेते आणि सकाळी माळ्यावर ताटली ठेवते. मी काही विचारलं की झाडू हातात घेते.

भाकरी उंदीर खातात. भाकरीसाठी उंदीर येतात. उंदरांच्या धावपळीने हूक हलतो आणि वाजतो. एवढं मला कळतं, बारावी झालीय माझी. पण मांजर आणली तर बाबा यायचे थांबतील, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? तूच काहीतरी लिही. तुझं ती ऐकते, म्हणजे निदान ऐकून घेते.

जपून राहा. लोभ आहेच, त्याची आठवण करून द्यावी लागू नये.

तुझी,
रियाताई


कॅम्प, ता. १ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
कुणालचा जयभीम वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नको.

तुझं पत्र ड्युटीवरून येऊन वाचलं आणि मग झोप आली न्हाय. उंदरांनी कोणता हूक हलवला म्हणतेस? हूक माझ्यापाशी हाय. निघालो त्या दिवशी आई नळावर होती, तवा खिळ्यावरून काढून बॅगेत टाकला. इथं त्याचं काही काम न्हाय. सिमेंटच्या गोणीला हूक लावला तर फोरमन जीव घेईल. पण मुठीची जागा बाबांच्या हातानं गुळगुळीत झालीय, तेवढ्यासाठी आणला. भिजलेलं जॅकेट लटकवतो ते त्यालाच. टांगताना टक-टक होतं हे इतके महिने माझ्या ध्यानात पण न्हवतं. तुझं पत्र वाचल्यावर दुसऱ्या सकाळी ऐकू आलं आणि हात तसाच वर राहिला. झारखंडवाल्यानं विचारलं, क्या हुआ, भूत देखा क्या.

उंदीर पळाले तर खडखड होईल. टक-टक कशाची होईल, रिकाम्या खिळ्याची? तू बारावी झालीस, तू सांग.

माळ्यावर चढू नको. आईला हुकाचं सांगू नको. आणि मांजरीचं राहू दे. आणा म्हटलं होतं ते मी मागं घेतो. बाबा येत असतील तर येऊ दे, कुणाला त्रास तर देत न्हाईत. आपण असलं मानत न्हाय हे मला पाठ हाय. पण डोंगराच्या पोटात रात्र काढल्यावर माणूस काय काय मानायला लागतो ते इथं येऊन बघ.

तुझा लोभ असाच राहू दे आणि तोंड जरा बंद राहू दे.

कुणाल


पूर्णा, ता. ४ डिसेंबर २०२४

चि. कुणाल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते. आधी हे वाच की सगळं ठीक आहे.

गेल्या आठवड्यात एका दुपारी धम्मदिना पाळण्यात झोपली होती, मी नळावर, आई भांडी घासत होती. पोर किंचाळली. आत येऊन बघते तर पायाच्या अंगठ्यातून रक्त, आणि एवढा मोठा उंदीर दुपट्यावरून उतरून माळ्याच्या शिडीने वर गेला. भर दुपारी, कुणाला न घाबरता, जसं काही वर त्याचंच घर आहे. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली, अजून एक आहे. ताप नाही. आता पाय तोंडात घालून खेळतेय.

रिक्षात आईने तिचा पाय ओंजळीत धरला होता. घराशी उतरल्यावर आत आलीच नाही, सरळ जानकीबाईकडे गेली. जानकीबाईने नेहमीसारखी गंमत केली की माझी मांजर गोडाऊनमधली हाय, भाड्याशिवाय कुठं राहत न्हाय, डिपॉझिट आण. एरवी आईने तिला दोन सुनावल्या असत्या. या वेळी हात पुढे करून नुसती उभी राहिली. जानकीबाईच घाबरली आणि मांजर पिशवीत घालून घरापर्यंत सोडायला आली.

करड्या रंगाची आहे, एक कान फाटलेला. पाळण्याखाली बसते. पहिल्या दिवशीच दोन उंदीर उंबऱ्यावर आणून ठेवले. बाकीचे गोडाऊनकडे गेले असावेत. आईने ताटली घासून फळीवर उपडी घातली.

माळ्यावर आता काही वाजत नाही. मला वाटलं होतं, हळूहळू तिला सवय होईल. पण ती चहा टाकते आणि वर बघत राहते, चहा उतू जातो. दारावरून टपालवाला गेला की त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत जाते. बाबा गेले तेव्हाचं तिचं तोंड मला माहीत आहे. हे तसं नाही. हे कुणीतरी यायचं राहिलंय असं तोंड आहे.

पत्र पाठव. चार ओळी पाठव, पण पाठव.

तुझी,
ताई


पूर्णा, ता. २० डिसेंबर २०२४

चि. कुणाल यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू नको म्हणालास म्हणूनच बहुतेक, मी माळ्यावर चढले. खिळा रिकामा आहे. त्याच्यावर कोळ्याचं जाळं आहे, जुनं. खाली उतरले तेव्हा माझ्या तोंडावरूनच आईने ओळखलं. मग मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. तू चिडशील, चिड. ती म्हणाली की लिहून घे. पुढचं तिचं आहे, मी शब्द बदललेला नाही.

बाळा कुणाल, हूक तू नेलास ते मला त्याच दिवशी कळलं. खिळा बघितला नि बरं वाटलं, बापाचं कायतरी पोराबरोबर हाय. मंग तुझा फोन लागंना. पत्र येतं ते शिळं, वाचूस्तवर तू कुठल्या डोंगरात हाय ते कोणाला म्हाईत? एक दिवस सकाळी वर वाजलं. मी म्हटलं, पोरगा ड्युटीवरून सुटला. दुसऱ्या दिवशी पण वाजलं. मंग ड्युटीवरून आलेल्या माणसाला न्याहारी नको? तुझ्या बापाला भाकरी लागत न्हाय, ते गेले. भाकरी मी जित्या माणसाला ठेवत होते. उंदीर खातात ते मला पण दिसायचं, मी आंधळी न्हाय. पण ते येत होते तवर रोज वाजत होतं, नि वाजत होतं तवर तू सुटत होतास. मांजर आणली नि तुझी खबर मी माझ्या हातानं बंद केली. पोरीच्या पायाला रगत होतं रे. काय करू?

एवढं सांगून ती धम्मदिनाला घेऊन बाहेर जाऊन बसली.

कुणाल, अजून एक आहे, आणि ते लिहायला मला आवडत नाही. मंगळवारी उजाडताना आवाज आला. इतके दिवस काही नव्हतं. आणि टक-टक नाही, तर लोखंड पत्र्यावर आपटत राहिल्यासारखा, कुणाला अंधारात जागा सापडत नसल्यासारखा, पुन्हा पुन्हा. मग एकदा नीट बसल्यासारखा झाला आणि थांबला. उंदीर नव्हता. मांजर पाळण्याखालून उठली, शिडीपाशी जाऊन बसली आणि वर बघत राहिली. चढली नाही, गुरगुरली नाही. आईने आधण ठेवलं, तिसरा कप काढला आणि मला म्हणाली की सुटला.

मंगळवारी तू काय करत होतास ते लिही. काही नव्हतं असं असेल तर तेही लिही, आम्हाला ते चालेल.

तुझी,
ताई


कॅम्प, ता. २ जानेवारी २०२५

ती. आईस आणि ती. ताईस,
कुणालचा सविनय जयभीम.

हे पत्र आईला वाचून दाखव.

मंगळवारचं सांगतो. सोमवारी रात्री आम्ही आत असताना मागची माती ढासळली आणि बाहेरची वाट बंद झाली. कुणाला खरचटलं पण न्हाय. दिवे गेले, एवढंच. आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. कोणी हनुमान चालिसा म्हणत होता, कोणी कुराणातली आयत. मी बुद्धं सरणं धरलं, पण मध्येच अडकायचो, पुढचं सुचायचं न्हाय. त्या वेळी मला सुकटीचा वास आला. भुकेनं येतो म्हणतात. असंल.

बाहेरून मशीन लावून भोक पाडलं आणि उजाडताना एकेकाला ओढून काढलं. खोलीवर आलो तर डोळ्यांपुढं अजून आतलाच अंधार होता. खिळा सापडेना. हूक पत्र्यावर आपटत राहिला, किती वेळ ते मला म्हाईत न्हाय. शेवटी झारखंडवाला उठला, माझं मनगट धरलं आणि हूक खिळ्यात बसवला. त्या दिवशी त्यानं शिवी दिली न्हाय.

आता हे तिकडं कसं ऐकू गेलं ते मला विचारू नको ताई, मी आठवी नापास. बाबा असते तर म्हणाले असते, थंडीनं पत्रा आकसतो आणि वाजतो. इथला पण आकसतो. मी तसंच धरून चाललोय. पण त्या मांजरीला काय ऐकू आलं ते तिला विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

फोरमनला सांगितलं, जातो. तो म्हणाला की एका जागी टिकत न्हाईस. मी म्हटलं, घरी जातो, टिकायला. घाट उघडला की शिध्याच्या रिकाम्या ट्रकनं खाली उतरणार. हे पत्र माझ्या आधी पोचेल का मागून, ते सांगता येत न्हाय.

आई, ताटली फळीवरून काढ, पण माळ्यावर ठेवू नको. खाली चुलीपाशी ठेव, मी खाली बसून खाईन. ताई, खिळा काढू नको, नुसतं जाळं झाड, हूक परत तिथंच लागेल. आणि मांजर राहू दे. तिला सांगून ठेव, आता सकाळी वर टक-टक झाली तर शिडीपाशी जायचं कारण न्हाय, घरचाच माणूस हाय.

लोभ आहे तिथंच ठेवा, तो घ्यायला मी येतोय.

तुमचा,
कुणाल