आत्याचा नोंदणी क्रमांक

ती. आत्यास,

भाचीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण उजवा गुडघा खरचटला आहे आणि जे केलं नाही ते कागदावर लिहायचं नाही असं तूच शिकवलंस, तेव्हा हा उभ्या उभ्याच घे. तुझा खांदा कसा आहे? काकांकडून मलम लावून घेतेस, की "माझा हात पोचतो" म्हणत अर्धाच खांदा चोळतेस? दुकानाचं शटर एकटीने ओढू नकोस. मी ठीक आहे. परीक्षेपुरती घेतलेली खोलीही ठीक आहे. पंख्याचा रेग्युलेटर सैल होता, तो मालकिणीला विचारून घट्ट केला (मग तिला बोलावून दाखवला, आणि पुढे काही झालं तर म्हणून दुकानाचा नंबर लिहून दिला. तिने तो कागद माझ्यासमोरच चुरगाळला).

हे पत्र फक्त तुझे आभार मानायला लिहिते आहे. मला काहीही नको आहे. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "बरं, मुद्द्याचं बोल" म्हणतेस आणि माझा मुद्दा नेहमी नवव्या-दहाव्या वाक्यात असतो.

तर परीक्षा. पुढच्या महिन्यापासून प्रमाणपत्राशिवाय कुणालाही सोलर जोडता येणार नाही हे कळल्यापासून तू मला पुढे ढकलते आहेस. "तू कागद आण, मग दुकान तुझ्या नावावर चालेल, मी तुझ्या हाताखाली काम करीन." हे ऐकून मला आठवडाभर जेवण गेलं नाही. तू माझ्या हाताखाली! म्हणजे तुला पक्कड मीच मागायची, आणि तू ती फेकून देणार नाहीस, हातात देणार. असं जग मला नको आहे. पण दुकान बंद पडलेलंही नको आहे, म्हणून आले.

लेखी पेपरात पहिलाच प्रश्न होता, छतावर चढण्याआधी सर्वांत आधी काय कराल? हवा पाहायची, बेल्ट तपासायचा, शिडी बांधायची, की मालकाची परवानगी घ्यायची. चारही बरोबर वाटत होते. आपण तर सगळ्यात आधी वर कपडे वाळत घातलेत का ते विचारतो (त्या शाळेच्या बाईंच्या पांढऱ्या चादरीवर तुझा बूट उमटला तेव्हापासून). तो पर्यायच नव्हता! पंधरा मिनिटं घाम पुसून शेवटी परवानगीवर खूण केली आणि समासात बारीक अक्षरात चादरीचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काम. छत म्हणजे आवारात उभा केलेला पत्र्याचा उतार, माझ्या कमरेइतका उंच. बाकीच्यांनी बेल्ट नुसता अंगावर अडकवला. मी दोर खांबाला बांधला, ओढून पाहिला, गाठ पुन्हा तपासली आणि त्याच दोरात पाय अडकून पडले (गुडघा तो हाच). पण जमिनीवर पडले नाही, दोराने धरलं. रांगेतला एकजण, ज्याला मी मनात कडक इस्त्री म्हणते, तो इतका हसला की त्याच्या शर्टालाही पहिल्यांदा सुरकुती पडली. परीक्षक साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं या काळजीत माझी पुढची पाच मिनिटं गेली.

काम सोपं होतं. सहा पॅनेलांची ओळ, स्विच बंद करायचा, तारेत वीज नाही हे मीटरने बघायचं, तार कापून नवा कनेक्टर लावायचा. स्विच बंद केला. मीटर लावला, शून्य. साहेब म्हणाले, "चला, कापा." आणि माझा हात चालेना. कारण मला तू दिसलीस, तेराव्या वर्षी मला स्वयंपाकघरातल्या सॉकेटपाशी उभी करून विचारणारी, "हा टेस्टर सांगतोय वीज नाही. पण टेस्टर शुद्धीवर आहे का, ते कोण सांगणार?" तेव्हापासून मी चालू वस्तूवर आधी मीटर तपासल्याशिवाय कशालाच हात लावलेला नाही. इथे मी घाबरून ती पायरीच विसरले होते. म्हणून खाली उतरले (दोर सोडून, पुन्हा बांधता येईल असा गुंडाळून) आणि साहेबांच्या टेबलापाशी गेले. तिथे पंखा गरगर फिरत होता. त्याच्या शेजारच्या सॉकेटला मीटर लावला, बटण नीट फिरवून. शून्य. पंख्याचा प्लग काढून त्याच सॉकेटला लावला. शून्य.

"अहो बाई, शून्य आलं ना? मग झालं की!" साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, पंख्याला वीज मिळत होती, पण मीटरला पत्ताच नाही."

मीटरची तांबडी तार आतून तुटलेली निघाली. सकाळपासून चारजण त्याच शून्यावर पास होऊन चहा पीत बसले होते. त्यांना परत बोलावलं. कडक इस्त्रीने माझ्याकडे जे पाहिलं ते सांगत नाही. मी प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागितली, एकाची चुकून दोनदा. मग दुसरा मीटर आला, तो आधी सॉकेटवर तपासला, आणि छतावरच्या तारेला लावला तर दोनशे चाळीस व्होल्ट! स्विचचा दांडा बंदवर होता, पण आतलं तोंड चिकटून बसलं होतं. ते चौघे वाचले ते निव्वळ नशीब म्हणून. आत्या, साहेबांनी तो मीटर स्वतः पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाले, "कुठल्या संस्थेत शिकलात?" मी म्हटलं, "आत्याच्या."

मी पास झाले. तुझ्यामुळे. हे नीट, सरळ लिहायचं होतं म्हणून पत्र. नऊ वर्षं तू ओरडलीस, टपल्या मारल्यास, "घाई असेल त्याने दुसरा धंदा बघावा" म्हणालीस, आणि मला वाटायचं मला काही येत नाही म्हणून ओरडतेस. माझे हात शाबूत राहावेत म्हणून ओरडत होतीस, हे मला त्या पंख्यापाशी कळलं.

फक्त प्रमाणपत्र अजून हातात नाही. अर्जात चौदावा रकाना आहे, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचा नोंदणी क्रमांक. कारकून बाईंनी विचारलं, मी म्हटलं, आत्याकडे तो नाही. कडक इस्त्री (दुसऱ्या वेळी पास झाल्यावर माणूस बराच मऊ झाला होता) म्हणाला, माझ्या मालकांचं नाव आणि क्रमांक टाक, ते नाही म्हणत नाहीत. मी पेन उचललं सुद्धा. पण तिथे तुझ्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिणं माझ्याने होईना. मी लिहिलं, "आत्या. क्रमांक नाही." बाई म्हणाल्या, मग ही नऊ वर्षं धरता येत नाहीत, आणि अनुभवाशिवाय प्रमाणपत्र नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी काही मागत नाही.

तुझी,
भाची

ता. क. मागत नाही, पण साहेबांनी नियमांची वही उघडून एक कलम दाखवलं. शिकवणारी व्यक्ती नव्वद दिवसांत स्वतः पास झाली, तर तिच्या हाताखालची सगळी वर्षं धरतात. दहा वर्षांहून जास्त काम केलेल्यांना लेखी पेपर नाही. हे मी तीनदा विचारून घेतलं, कारण परीक्षा म्हटलं की तू विषयच बदलतेस हे मला माहीत आहे. फक्त करून दाखवायचं. परीक्षकांना शिकवायचं नाही.

ता. क. २. तारीख येत्या महिन्याची बावीस. तुझा अर्ज मी भरला आहे, याच पाकिटात आहे. सही तेवढी केलेली नाही, ती तुझी आहे. पेन्सिलने फुली मारली आहे तिथे कर.

ता. क. ३. "परीक्षा देण्याचे कारण" या रकान्यात खूप विचार केला, पण खोटं लिहवेना. "भाचीने न विचारता अर्ज भरला" असं लिहिलं आहे. साहेबांनी वाचलं. चालेल म्हणाले.